छत उघडं, काचा वर: कन्व्हर्टिबल आणि कानांचा हिशेब

कन्व्हर्टिबल घेताना लोक इंजिन बघतात, छत किती सेकंदांत उघडतं ते बघतात, छत घडी झाल्यावर डिकीत किती जागा उरते ते बघतात. छत उघडून ताशी १०० किमीला चालकाच्या कानाशी किती डेसिबल असतात, हे कुणी विचारत नाही. माहितीपत्रकात तो आकडा छापलेलाही नसतो. तो साधारण ८५ ते ९५ च्या पट्ट्यात असतो, आणि कानांचं नुकसान सुरू होण्याची रेषा नेमकी याच पट्ट्यातून जाते.

२००९ मध्ये ब्रिटनमधल्या कान-नाक-घसा शल्यविशारदांनी वेगवेगळ्या कन्व्हर्टिबल गाड्यांत छत उघडून मोजणी केली. ताशी ५० ते ७० मैल, म्हणजे साधारण ८० ते ११२ किमी वेगाला, चालकाच्या कानाशी ८८ ते ९० डेसिबल भरले. अमेरिकेत सेंट लुईस विद्यापीठातल्या मंडळींनी पाच गाड्या घेतल्या, आणि ताशी ५५ मैलांना, म्हणजे ९० किमीच्याही आत, त्यातल्या बहुतेक ८५ किंवा त्याच्या वर होत्या. दोन्हीकडच्या आकड्यांत थोडा फरक आहे आणि तो असणारच. गाडी कोणती, चालकाची उंची किती, समोरून वारा आहे की मागून, यावर दोन-चार डेसिबल सहज इकडेतिकडे होतात.

आता ८५ हाच आकडा का? अमेरिकेची नायॉश ही संस्था कामाच्या जागेसाठी ८ तासांना ८५ डेसिबल ही मर्यादा सुचवते. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो: ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला १ तास, ९७ ला अर्धा तास, १०० ला १५ मिनिटं. ३ डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, एवढंच त्यामागचं गणित. कानाला मात्र ३ डेसिबलचा फरक जेमतेम जाणवतो, आणि इथेच सगळे फसतात. ८८ आणि ९१ ऐकायला जवळपास सारखेच वाटतात, पण दुसऱ्यात मुभा निम्म्यावर येते. तिथल्याच ओशा या यंत्रणेचा कायदा ९० ला ८ तास आणि दर ५ डेसिबलला निम्मा वेळ धरतो. तो जुना आणि सैल आहे. स्वतःच्या कानांसाठी मी नायॉशचाच हिशेब धरेन. शिवाय ही मर्यादा कामगारांसाठी आहे, म्हणजे उरलेला दिवस तुलनेने शांत जातो असं तिच्यात गृहीत धरलेलं आहे. दिवसभर कारखान्यात किंवा हेडफोन लावून काढलेल्या माणसाची मुभा गाडीत बसण्याआधीच निम्मी संपलेली असू शकते.

आवाज येतो कुठून

उघड्या छताच्या गाडीत इंजिन आणि सायलेन्सर हे मुख्य गुन्हेगार नसतात. शहरातल्या वेगाला टायर आणि इंजिन ऐकू येतं, पण ७०-८० च्या पुढे वारा सगळ्यांवर कुरघोडी करतो. समोरच्या काचेच्या वरच्या चौकटीवरून हवा सुटते आणि वेगवान बाहेरची हवा व आतली मंद हवा यांच्यामध्ये भोवऱ्यांचा एक थर तयार होतो. हा थर मागे जाता जाता जाड होत जातो आणि नेमका डोक्याच्या आसपास खाली उतरतो. त्यातली काही हवा मागच्या सीटच्या बाजूने उलटी फिरून मानेवर येते. केस पुढच्या बाजूला तोंडावर उडतात ते यामुळेच. तिसरा झोत बाजूच्या खांबावरून आणि आरशावरून सुटून थेट खिडकीकडच्या कानावर बसतो.

कानाच्या पाळीवरून हवा घासून जाते तेव्हा दाबाचे जे धक्के पडद्यावर बसतात, ते दूरवर पसरणारा आवाज नसतात. शेजारच्या सीटवर ते तेवढे ऐकू येणार नाहीत. पण ज्याच्या कानावर ते बसतात त्याच्या पडद्याला त्याचं सोयरसुतक नाही, पडदा हलतोच. म्हणून एकाच गाडीत उंच माणसाला आणि बुटक्या माणसाला आवाजाची वेगळी मात्रा मिळते. उंच माणसाचे कान त्या भोवऱ्यांच्या थरात असतात, बुटक्याचे त्याच्या खाली. सीट दोन बोटं खाली घेणं हा फुकटातला उपाय आहे, फक्त रस्ता आणि आरसे नीट दिसत राहिले पाहिजेत.

वाऱ्याच्या आवाजाचा वेगाशी संबंध फार तीव्र आहे. अडथळ्यावरून सुटणाऱ्या हवेची ध्वनिऊर्जा ढोबळमानाने वेगाच्या सहाव्या घाताने वाढते. वेग दुप्पट, तर १८ डेसिबल जास्त. १२० वरून १०० वर आलात तर कागदावर पावणेपाच डेसिबल कमी होतात. टायरचा आवाज एवढ्या झपाट्याने घटत नाही, म्हणून प्रत्यक्षात ४ धरू. कुणी म्हणेल, हळू गेलं तर प्रवास लांबतो, म्हणजे कान जास्त वेळ आवाजात. हिशेब करून बघा. २४० किमीचं अंतर, १२० ने २ तास, कानाशी ९१ डेसिबल: दिवसाची १०० टक्के मात्रा संपली. तेच अंतर १०० ने २ तास २४ मिनिटं, ८७ डेसिबल: मुभा ५ तासांची, म्हणजे ४८ टक्के. चोवीस मिनिटं जास्त बसूनही मात्रा निम्म्याखाली आली. छत उघडं ठेवून गाडी पळवणाऱ्याला एकच गोष्ट सांगायची झाली तर मी ही सांगेन.

काचा वर

दुसरा मोठा फायदा बाजूच्या काचा वर घेण्याचा आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. छत उघडं आणि चारही काचा खाली हे छायाचित्रासाठी छान दिसतं. काचा वर घेतल्या की आरशावरून सुटलेला झोत कानापासून लांब राहतो. साधारण ३ डेसिबल घटले तरी वरच्या उदाहरणातले ४८ टक्के २४ वर येतात. मागच्या छोट्या काचाही वर घ्या. पुढच्या वर आणि मागच्या खाली ठेवल्या तर मागून आत शिरणारा उलटा झोत वाढतो.

मग विंड डिफ्लेक्टर. पुढच्या सीटच्या मागे उभी राहणारी ही जाळी उलटी फिरणारी हवा अडवते. जाळीच का, अखंड फळी का नाही? फळीच्या काठावरून हवा पुन्हा सुटते आणि तिथे नवे भोवरे होतात. जाळीतून थोडी हवा झिरपते, तिचा वेग मोडतो, भोवरे बारीक होतात. जाळीचा वरचा काठ साधारण कानाच्या उंचीला किंवा थोडा वर हवा. खांद्याच्या उंचीची जाळी मान गार पडू देत नाही एवढंच, कानांना तिचा उपयोग थोडा. बसवताना दोन चुका हमखास होतात. एक, बाजूंना फटी राहतात आणि त्यातून हवा पिचकारीसारखी येते. दुसरी, क्लिप सैल राहून जाळी थरथरते आणि स्वतःच गुणगुणायला लागते. क्लिपखाली पातळ फेल्टची पट्टी लावली की ते थांबतं.

चार सीटच्या गाडीत या जाळीची खरी अडचण अशी की ती मागच्या सीटवर आडवी पसरते, म्हणजे मागे माणूस बसवायचा तर ती काढावी लागते. आणि मागची सीट हीच सगळ्यात वाईट जागा. भोवऱ्यांचा थर तिथे पूर्ण वाढलेला असतो आणि समोरच्या काचेचा आडोसा पोचत नाही. पुढे बसलेल्याला ठीक वाटतंय म्हणून मागेही ठीकच असेल असं धरू नका. लहान मुलं मागे असतील तर हमरस्त्यावर छत बंद करा. मुलांना कान दुखल्याशिवाय सांगता येत नाही, आणि कानाचं नुकसान दुखत नाही. मर्सिडीझने २०१० च्या ई-क्लास कॅब्रिओलेमध्ये समोरच्या चौकटीवर वर उठणारी पट्टी आणि मागे जाळी अशी जोडी दिली होती. ती हवेचा थर मागच्या प्रवाशांच्याही डोक्यावरून नेते. कल्पना चांगली, पण बाजारात मिळणारी पट्टी कुठल्याही गाडीच्या चौकटीवर चिकटवून तोच परिणाम मिळेल असं नाही. उंची किंवा कोन चुकला तर थर आणखी जाड होऊन डोक्यावरच बसतो.

टोपी, रुमाल, कापूस? कापसाचा बोळा आवाज जवळजवळ अडवत नाही, नुसता दिलासा देतो. कानावरून येणारी टोपी किंवा स्कार्फ पाळीवर घासणारा वारा तोडतो, त्यामुळे फडफड कमी होते. मायक्रोफोनवर स्पंजचा गोळा लावतात, तेच तत्त्व. पण याला संरक्षण म्हणून मोजू नका.

संगीत

हा भाग कुणाला आवडत नाही. वाऱ्याचा आवाज ९१ असेल तर गाण्याचे शब्द कळायला स्पीकर त्याच्या वर न्यावा लागतो. समजा कानाशी ९४. दोन्हीची बेरीज १८५ होत नाही, ऊर्जेच्या हिशेबाने ९५.८ होते. मुभा २ तासांवरून ४० मिनिटांवर येते. काही गाड्यांत वेग वाढला की आवाज आपोआप वाढवणारी सोय असते. ती छत उघडं असताना बंद ठेवा, कारण ती चढली हे तुमच्या लक्षातच येत नाही. सिग्नलला थांबल्यावर आपल्याच गाण्याने दचकायला होतं, तो आकडा तुम्ही तासभर ऐकत होतात.

आवाज दाबणारे हेडफोन हा उपाय नव्हे. त्यांचे मायक्रोफोन वाऱ्यात गोंधळतात, आणि दोन्ही कान झाकून गाडी चालवण्यावर बऱ्याच ठिकाणी बंदी आहे. इअरप्लगबद्दलही कायदा जागोजागी वेगळा आहे, आधी बघून घ्या.

परवानगी असेल तर इअरप्लग हा सगळ्यात भरवशाचा उपाय, पण कुठला? पाकिटावर ३३ लिहिलेला फोमचा प्लग ३३ डेसिबल कमी करत नाही. तो आकडा प्रयोगशाळेतला. नायॉशच्या हिशेबाने फोमच्या प्लगसाठी त्याचा निम्मा धरा आणि ए-भारित मोजणी (कानाला जे स्वर कमी ऐकू येतात त्यांना कमी वजन देणारी) असेल तर त्यातून ७ वजा करा, म्हणजे साडेनऊ. ९१ चे साडेएक्याऐंशी झाले. पुष्कळ झालं. गाडीसाठी मला मात्र फिल्टरवाले प्लग जास्त पटतात, संगीतकार किंवा मोटारसायकलवाले वापरतात ते. फोम वरचे स्वर जास्त कापतो, म्हणून बोलणं गढूळ ऐकू येतं. फिल्टरचे प्लग सगळे स्वर सारखे खाली आणतात, हॉर्न, सायरन आणि शेजारच्याचं बोलणं ओळखू येतं. कन्व्हर्टिबलला १० ते १५ डेसिबलचा फिल्टर पुरे. त्याहून जड प्लग घातला की माणूस एकटा पडल्यासारखा होतो आणि वैतागून काढून टाकतो. काढलेला प्लग शून्य काम करतो.

फोम घालायची रीत: हात धुवा, प्लग बोटांत फिरवून बारीक, सुरकुती नसलेली नळी करा, विरुद्ध हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढा, नळी आत सरकवा आणि २० ते ३० सेकंद बोटाने धरून ठेवा. फोम फुगायला तेवढा वेळ लागतो. मग दोन्ही तळव्यांनी कान झाकून बघा. झाकल्याने आवाज आणखी बराच कमी झाला तर प्लग नीट बसलेला नाही. ही सगळी कसरत गाडी उभी असतानाच करा. प्रवासाच्या मध्येच दहा मिनिटांसाठी प्लग काढला तर फायद्याचा काही हिस्सा गेला, कारण मात्रा सगळ्यात मोठ्या आवाजाच्या तुकड्यांत झपाट्याने जमते.

मोजायचं कसं

फोनवर मोजणारे पुष्कळ भेटतात आणि बहुतेकांचे आकडे चुकलेले असतात. वारा थेट मायक्रोफोनवर बसला की १०-१५ डेसिबल फुकटचे वाढतात. उलट काही फोन वाऱ्याचा आवाज स्वतःहून गाळतात आणि आकडा कमी दाखवतात. खरी मोजणी करायची तर ध्वनिमापक घ्या, त्यावर स्पंजचा गोळा चढवा, ९४ डेसिबल आणि १००० हर्ट्झच्या कॅलिब्रेटरवर आधी ताडून बघा, ए-भारण निवडा आणि क्षणाचा आकडा न बघता पाच मिनिटांची ऊर्जेची सरासरी घ्या. मापक शेजारी बसलेल्याने चालकाच्या कानापासून १०-१५ सेंटिमीटरवर धरायचा. चालकाने धरायचा नाही, हे सांगायला नको. छत उघडं-काचा खाली, छत उघडं-काचा वर, जाळीसकट, असे तीन फेरे त्याच रस्त्यावर, त्याच दिशेने, त्याच वेगाने करा. खडबडीत खडीच्या रस्त्यावर आकडे बदलतात, बोगद्यात तर विचारूच नका. तिथे आवाज भिंतींवरून परत येतो आणि वर निसटायला जागा नसते.

काटेकोर मापक नसेल तर साधी खूण पुरते. शेजारी हाताच्या अंतरावर बसलेल्याशी ओरडून बोलावं लागत असेल, तर तुम्ही ८५ च्या आसपास किंवा पुढे आहात.

छत बंद करूनही गोंगाट राहत असेल तर दोष रबरात शोधा. काचेच्या काठात कागदाची पट्टी धरून दार बंद करा आणि ओढा. सहज सरकली तिथे फट आहे. बिनचौकटीच्या काचा दार उघडताना काही मिलिमीटर खाली येतात आणि बंद झाल्यावर वर चढतात. बॅटरी काढून जोडली की बऱ्याच गाड्यांत ही वरची जागा विसरली जाते आणि काच रबराच्या अलीकडेच थांबते. बटण वर ओढून काच चढल्यावरही काही सेकंद धरून ठेवलं की बहुधा ती पुन्हा शिकते. नेमकी रीत गाडीच्या पुस्तकात असते. रबराला सिलिकोनचं ग्रीस लावा. व्हॅसलीन किंवा खनिज तेल नको, या जातीचं रबर त्याने फुगून खराब होतं.

कानात काय होतं

कानातल्या शंखात सुमारे १५,००० केशपेशी असतात. त्यातल्या साडेतीन हजारांच्या आसपास आतल्या, बाकी बाहेरच्या. बाहेरच्या आवाज वाढवून देतात आणि आधी त्याच मरतात. माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. लांब प्रवासानंतर कान दडे बसल्यासारखे होतात, बारीक शिट्टी वाजते आणि सकाळपर्यंत सगळं ठीक होतं. पूर्वी याला तात्पुरता थकवा म्हणून सोडून देत. २००९ मध्ये शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांवर दाखवलं, की ऐकण्याची पातळी पूर्ववत झाली तरी केशपेशी आणि चेतातंतू यांच्यातले जोड कायमचे गेलेले असू शकतात. माणसात हे किती प्रमाणात घडतं यावर वाद चालू आहे, पण दडे बसलेला कान ही 'काही झालं नाही' याची खूण नक्कीच नाही.

नुकसान आधी दिसतं ते ३००० ते ६००० हर्ट्झच्या पट्ट्यात, बहुधा ४००० ला. वाऱ्याचा गडगडाट खालच्या स्वरांचा असूनही खड्डा वर का पडतो, याचं एक कारण कानाच्या नळीची ठेवण: ती ३००० च्या आसपासचे स्वर स्वतःच वाढवून आत पाठवते. माणसाला ऐकू येतं पण नीट कळत नाही, अशी तक्रार इथून सुरू होते. अ, आ, इ यांसारखे बोलण्यातले स्वर खालच्या पट्ट्यात असतात, ते ऐकू येतात. स, श, ख, थ, फ यांचा श्वास वरच्या पट्ट्यात असतो, तो गळतो. मग 'साठ' आणि 'सात' यांत गल्लत होते, गर्दीत बोलणं हरवतं, आणि घरचे म्हणतात की लक्ष नसतं.

नेहमी छत उघडून चालवणाऱ्याने एक ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीचा आलेख, आत्ताच करून ठेवावा, कान ठीक असतानाच. पुढे तुलनेला तो लागतो. चाचणीत ३००० आणि ६००० हर्ट्झ धरा असं आवर्जून सांगा, काही ठिकाणी ती गाळतात. चाचणीच्या आधी किमान १४ तास मोठ्या आवाजात जायचं नाही, म्हणजे तिथे छत उघडून जायचं नाही. आलेखात ४००० ला खड्डा आणि ८००० ला पुन्हा सुधारणा दिसली तर ते आवाजाचं काम. नुसतीच वरच्या स्वरांकडे सरळ उतरण असेल तर वयाचा वाटा जास्त. सिस्प्लॅटिन (कर्करोगावरचं) किंवा जेंटामायसिन (प्रतिजैविक) यांसारखी औषधं चालू असतील तर ती केशपेशींवर आधीच भार टाकतात. त्या काळात छत बंदच बरं.

खिडकीकडचा कान थोडा जास्त बिघडलेला असणं वाऱ्याने समजावता येतं, कारण दोन कानांच्या मात्रेत फरक असतो. पण तो फरक थोडाच असतो. एका कानात ठळक घट असेल, किंवा शिट्टी एकाच कानात वाजत असेल, तर गाडीला दोष देऊन मोकळं होऊ नका. ऐकण्याच्या मज्जातंतूवरची गाठ अशीच सुरू होते, आणि कान-नाक-घसा तज्ज्ञ ती वगळण्यासाठी एमआरआय करायला सांगतात. एक कान अचानक, काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत बंद पडला तर त्याचा वाऱ्याशी संबंध जोडत बसू नका, त्याच दिवशी तज्ज्ञाकडे जा. त्यावरची स्टेरॉइडची औषधं पहिल्या दोन आठवड्यांतच खरी उपयोगी पडतात.